कॉकपिटमधला तिसरा आवाज

1 जानेवारी 1978 ची रात्र. एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग 747 मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून दुबईला निघाले. समुद्रावर आल्यावर त्याने उजवीकडे वळण घेतले आणि ते पुन्हा सरळ झाले. कॅप्टनसमोरचे कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान किती कलले आहे ते दाखवणारे यंत्र, मात्र विमान उजवीकडेच कलले असल्याचे दाखवत राहिले. खाली काळाकुट्ट समुद्र. बाहेर पाहून खात्री करावी, तर क्षितिजाची रेघही दिसत नव्हती. कॅप्टनने त्या यंत्रावर विसंबून विमान डावीकडे झुकवले, झुकवतच नेले. सहवैमानिकापुढे तसेच दुसरे यंत्र होते, शिवाय तिसरे राखीव होते. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने ‘त्याच्यावर जाऊ नका’ असे बजावलेही. पण उड्डाणानंतर 101 सेकंदांतच विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. 213 जणांपैकी एकही वाचला नाही.

बिघाड एका यंत्रात होता, इंजिने चालू होती. म्हणूनच ही दुर्घटना अजून जिवाला लागते. उड्डाणानंतरच्या मिनिटा-दोन मिनिटांत उंची नसते, वेग बेताचा असतो आणि टाक्या इंधनाने भरलेल्या असतात. चूक सुधारायला अवकाशच मिळत नाही. अशा वेळी योग्य माणसाचे वेळेवर ऐकले जाणे हाच खरा आधार असतो.

त्याच वर्षी 28 डिसेंबरला अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सच्या विमानात उतरताना चाकांची अडचण आली. कॅप्टन त्यातच गुंतला. इंधन संपत आल्याचे सहकारी सुचवत होते, पण दबक्या आवाजात. विमान इंधनाअभावी पडले, 10 जण गेले. 1979 मध्ये नासाने या प्रश्नावर कार्यशाळा घेतली आणि ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’चे प्रशिक्षण आकाराला आले: कनिष्ठाने स्पष्ट बोलायचे, कॅप्टनने ऐकायचे, आणि बिघाड कोणी पाहायचा, विमान कोणी उडवायचे हे आधी ठरवायचे.

तरी धडा अर्धाच होता. 8 जानेवारी 1989 रोजी लंडनहून निघालेल्या ब्रिटिश मिडलँडच्या विमानात डावे इंजिन बिघडले आणि वैमानिकांनी उजवे बंद केले. डावीकडच्या ज्वाळा केबिनमधल्यांना दिसल्या होत्या. कॉकपिटपर्यंत ते पोहोचलेच नाही. केगवर्थजवळ 47 जणांचा बळी गेला. पुढे केबिन कर्मचाऱ्यांनाही या प्रशिक्षणात सामावून घेण्यावर भर आला.

4 नोव्हेंबर 2010 रोजी सिंगापूरहून उडालेल्या क्वांटासच्या ए-380 चे एक इंजिन काही मिनिटांतच फुटले. विमानात 469 जण होते आणि योगायोगाने कॉकपिटमध्ये पाच वैमानिक. पडद्यावर इशाऱ्यांची रांग लागली. काय बिघडले यापेक्षा काय शाबूत आहे, हे कॅप्टनने मोजायला घेतले. तपासण्यांना सुमारे 50 मिनिटे लागली. उतरल्यावर तापलेल्या ब्रेकजवळ इंधन गळत होते, फुटलेल्याखेरीज दुसरे एक इंजिन बंदच होईना. तरी घाई न करता प्रवाशांना आत बसवून ठेवले गेले. मग सगळे जिन्याने खाली उतरले.