पोत्यावर गुद्दे घालून राग उतरतो का?

"डोकं फिरलंय न्हवं? जा तालमीत, पोत्यावर गुद्दे घाल, निघून जातोय राग!" कोल्हापुरात हा सल्ला पेठेपेठेत फुकट मिळतो. तालमीत जरूर जा, तब्येत बनेल. राग मात्र वाफेसारखा निघून जात नाही.

ही समजूत तांबड्या मातीतली नाहीच, व्हिएन्नातली आहे. कोंडलेल्या भावनेला वाट करून दिली की त्रास हटतो, असं तिथल्या ब्रॉयर आणि फ्रॉइड या डॉक्टरांनी १८९५ मध्ये मांडलं. २००२ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी ते तपासलं. आधी विद्यार्थ्यांना चिडवलं, मग काहींना चिडवणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅगवर गुद्दे घालायला लावले. ते आणखी भडकले. नुसतं बसवून ठेवलेले त्यांच्यापेक्षा शांत निघाले. २०२४ च्या आढाव्यात १५४ अभ्यास तपासले गेले. संथ श्वसन आणि ध्यानाने राग उतरतो, धावण्याने उलट चढू शकतो, असं त्यात दिसलं.

मग समुपदेशक करतात काय? बरेचदा रागामागचा विचार तपासायला हातात रकाने आखलेली वही देतात. मनोविकारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६० च्या दशकात रुजवलेली ही रीत. समजा, गुजरीत दुकान असलेल्या थोरल्या भावानं फोन उचलला नाही. पहिल्या रकान्यात तेवढंच लिहायचं. दुसऱ्यात विचार: ‘दादा मला किंमत देत नाही.’ तिसऱ्यात राग, शंभरपैकी नव्वद. मग खरं काम: पुरावा काय? दुसरं कारण? ‘गिऱ्हाईक असेल.’ पुन्हा आकडा: पन्नास. शून्य नाही, आणि तसा कुणी दावाही करत नाही.

राग हाताबाहेर जात असेल तर सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा १४४१६ वर मोफत आहे.