उभी गाडी गळत नाही

जुलैच्या झडीत नागपूरच्या कळमना मार्केटात तुरीची पोती उतरवताना एक पिकअपवाला वैतागून म्हणाला, "भाऊ, गाडी उभी असली का थेंब नाही, धावली का गळते." भिजली होती ती पोती केबिनच्या बाजूची. हौद्यावरचं, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या भागावरचं, कव्हर नवं, त्याच्या कडेचं पाणी अडवणारं रबरही नवं.

त्याचं निरीक्षण अचूक होतं. ताशी ६० किलोमीटर वेगात समोरून आदळणारी हवा सुमारे १७ मिलिमीटर उंचीचं पाणी वर ढकलू शकते. वेग ८० झाला की ३० मिलिमीटर, कारण हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. हौद्याच्या कडेची इंचभर उंच पट्टी उभ्या पावसाला पुरते. वर्धा रोडवर सुसाट निघालेल्या गाडीला पुरेलच असं नाही. केबिनचा आडोसा मिळतो खरा, पण टपावरून झपाट्याने सरकणारी हवा कव्हर वर ओढते. ते फुगतं, कड उचलली जाते, आणि आडवा पाऊस आत शिरतो. म्हणून पुढची कड सगळ्यात घट्ट हवी. बहुतेक जण मात्र सगळी ताकद मागच्या फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेवर, लावतात!

दुसरा चोर फटीतच दबा धरून असतो. दोन पत्र्यांमध्ये १ मिलिमीटरची फट असेल तर पाणी केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद फटीत आपोआप ओढलं जाऊन, १५ मिलिमीटरपर्यंत वर चढतं. फट अर्धी केली तर दुप्पट चढतं. ६ मिलिमीटरच्या फटीत जेमतेम अडीच. तेव्हा स्क्रू आवळून फट केसाएवढी करणं हा उपाय नव्हे, ते पाण्याला आमंत्रण आहे. एक तर रबर पूर्ण दाबलं जावं, नाही तर फट चांगली रुंद ठेवावी. घराच्या छज्ज्याखाली गवंडी एक खाच सोडतो ना, तीही याचसाठी: पाणी तिथे अडतं आणि गळून पडतं.

रबर निवडताना आपला मे महिना आठवावा. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश होते, आणि उन्हातला पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या साखळीतल्या दुहेरी बंधांवर हवेतला ओझोन हल्ला करतो, म्हणून त्याला भेगा पडतात. ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत असे बंध नसतात, ते टिकतं. मात्र सतत दाबलेलं कोणतंही रबर हळूहळू उसळी हरवतं. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन उघड्या लोखंडावर लावू नये. त्यातून सुटणारं आम्ल गंज वाढवतं.

ताडपत्रीला पोट सुटू देऊ नये, खाली कमानी हव्यात. अडीच मीटर बाय १.७ मीटरच्या हौद्यावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे साडेबेचाळीस लिटर पाणी.

गळती शोधायला खडू पुरतो. हौद्याच्या कडेवर खडू घासा, कव्हर बंद करून उघडा. रबरावर जिथे पांढरी रेघ तुटलेली दिसेल, तिथे ते टेकतच नाही.