क्लिक ऐकून वाजवलंत तर उशीर झालेलाच असतो

मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टिकटिक क्लिक देणारं यंत्र किंवा ॲप) लावायचा, क्लिक आला की स्ट्रोक मारायचा, गिटार शिकताना बऱ्याच जणांच्या डोक्यात एवढंच असतं. पण शरीराला हे जमणारंच नाहीये. आवाज कानावर पडून बोट हलेपर्यंत साधारण 150 मिलिसेकंद जातात आणि 120 च्या टेम्पोला (म्हणजे मिनिटाला 120 बीट) पाव बीट असते 125 मिलिसेकंदांची, म्हणजे क्लिकची वाट बघत बसलात तर दरवेळी पाव बीटच्याही मागे. गंमत म्हणजे नवखी माणसंही एवढी मागे नसतात, उलट क्लिकबरोबर टेबलावर बोट आपटा म्हटलं की बहुतेक जण क्लिकच्या थोडं आधीच आपटतात. मेंदू पुढची बीट कधी येणार याचा हिशोब आधीच करून ठेवतो. नुसता ठेका ऐकताना हातपाय गप्प असले तरी हालचाल सांभाळणारे मेंदूतले भाग स्कॅनमध्ये जागे दिसतात.

मग प्रॅक्टिस करायची ती या अंदाजाची.

स्लो वाजवणं सोपं असतं हा एक मोठा गैरसमज. बोटांना सोपं असेल, पण टायमिंगला अजिबात नाही, कारण दोन बीटमधलं अंतर वाढलं की अंदाजातली चूकही त्याच प्रमाणात वाढते. 40 च्या टेम्पोला दोन क्लिकमध्ये दीड सेकंद रिकामा जातो, तो भरायचा. तोंडाने मोजा, ‘एक आणि दोन आणि’. तबलावाले हेच करतात की, विलंबित एकतालात मात्रा एवढ्या लांब असतात की मध्ये तिरकिट वगैरे भरलं नाही तर गाणाऱ्याला धरायला काही उरणारच नाही.

गिटारवर हे मोजायचं काम उजव्या हाताचं. तारांना लागो न लागो, हात खाली-वर फिरत राहिला पाहिजे, जो स्ट्रोक नकोय तो हवेत मारायचा. आणि खरं सांगू का, रिदम तुटतो तो बहुतेकदा डाव्या हातामुळे, एफ कॉर्ड (बोटांनी तारा दाबून धरायची एक अवघड रचना) लागेपर्यंत उजवा हात बिचारा थांबून राहतो!! थांबू नका. कॉर्ड अर्धवट लागली तरी चालेल, बदलायच्या आधीचा शेवटचा अपस्ट्रोक मोकळ्या तारांवर गेला तरी कोणाला कळत नाही, चांगले चांगले वादक सर्रास तसंच करतात.

एक अडचण मात्र आहे. क्लिक चालू असताना मेंदू प्रत्येक बीटला झालेली चूक गुपचूप दुरुस्त करत असतो, त्यामुळे आपण मुळात पळतोय का रेंगाळतोय ते कळतच नाही. म्हणून क्लिक कमी करत जा, आधी चार बीटपैकी फक्त 2 आणि 4 वर, मग दोन बार (चार-चार बीटचे दोन गट) क्लिक आणि दोन बार शांतता (बऱ्याच ॲपमध्ये ही सोय असते). परत क्लिक आला की कुठे पोचलोय ते लगेच कळतं, सुरुवातीला बहुतेक जण पुढे पळालेले असतात.

आणि हो, इलेक्ट्रिक गिटार फोनमधल्या ॲम्प ॲपमधून ब्लूटूथ हेडफोनवर ऐकत प्रॅक्टिस करू नका, तिथे आवाज सहज 100-200 मिलिसेकंद उशिरा येतो, वायरवाला हेडफोन घ्या.