एपीकेटूल की जॅडएक्स: एजंटसाठी साधनांची नोंद लिहिताना

अँड्रॉइड ॲपची सुरक्षा तपासणारा एआय एजंट (स्वतः साधने चालवून काम करणारी एआय प्रणाली) साधन निवडताना आपण पुरवलेल्या नोंदीवर, म्हणजे साधनाच्या लेखी वर्णनावर, विसंबून असतो. त्या नोंदीत एपीके, म्हणजे ॲप इन्स्टॉल करायची फाइल, उलगडणाऱ्या एपीकेटूल आणि जॅडएक्स या दोन साधनांपुढे ‘एपीके उलगडते’ एवढेच लिहिले असेल, तर एजंटने भलतेच साधन उचलल्याचा दोष नोंद लिहिणाऱ्याकडे जातो.

गोंधळ होण्यासारखे साम्य मात्र खरोखरच आहे. एपीके ही मुळात झिप फाइल असून तिच्यातले मॅनिफेस्ट (ॲपचे घटक आणि परवानग्या सांगणारी फाइल) बायनरी एक्सएमएलमध्ये आणि कोड डेक्स बाइटकोडमध्ये, म्हणजे माणसाला थेट न वाचता येणाऱ्या यंत्रसूचनांत, असतो. मॅनिफेस्ट वाचण्याजोगे करून देणे आणि रिसोर्सेस (चित्रे, मजकूर वगैरे) बाहेर काढणे ही कामे दोन्ही साधने करतात. त्यामुळे कोणत्या ॲक्टिव्हिटी (ॲपचे पडदे) एक्स्पोर्टेड, म्हणजे इतर ॲपना उघडता येण्याजोग्या, आहेत किंवा ॲप डीबगेबल (डीबगर जोडता येईल असे) ठेवले आहे का, एवढेच पाहायचे असेल तर कोणतेही चालते.

फरक पडतो तो कोडपाशी. जॅडएक्स बाइटकोडवरून जावा कोडची पुनर्रचना करते. हा कोड वाचायला सोपा असतो, पण तो मूळ कोड नव्हे, आणि तो पुन्हा कंपाइल होईलच याची हमी नसते. एपीकेटूल जावापर्यंत जातच नाही. ते बाइटकोड स्माली या स्वरूपात, जवळजवळ सूचनेस सूचना, मांडून देते आणि म्हणूनच त्यात बदल करून एपीके पुन्हा बांधता येते. फोन रूट केलेला (सिस्टीमचा पूर्ण ताबा मिळवलेला) आहे का हे तपासणारी मेथड, म्हणजे कोडमधला ठरावीक काम करणारा तुकडा, शोधायची असेल तर जॅडएक्स, आणि तिचे उत्तर कायम ‘नाही’ यावे असा बदल करायचा असेल तर एपीकेटूल, असे कामावरून भेद सांगणारे वाक्य नोंदीच्या पहिल्याच ओळीत असावे.

जॅडएक्सच्या नोंदीत सर्वाधिक जागा अपयशाच्या खुणांना द्यावी, असे माझे मत आहे. काही मोजक्या मेथड उलगडल्या नाहीत, तरी हे साधन शेवटी ‘फिनिश्ड विथ एरर्स’ असा संदेश देते आणि एक्झिट कोड (आज्ञा संपताना मिळणारा यश-अपयशाचा आकडा) शून्य, म्हणजे यशाचा, नसतो. एजंट त्यावरून सगळे काम फसले असे समजून तीच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवू शकतो, वास्तविक बाकीच्या हजारो फाइली व्यवस्थित तयार झालेल्या असतात. याहून फसवी गोष्ट म्हणजे न उलगडलेल्या मेथडच्या जागी जॅडएक्स स्वतःच ‘मेथड नॉट डीकंपाइल्ड’ असा अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे ॲप चालताना येणारी चूक) फेकणारी ओळ घालते. ती ओळ ॲपच्या लेखकाची नाही हे सांगितले नसेल, तर अहवालात ‘येथे ॲप बंद पडते’ असा निष्कर्ष येऊ शकतो. अशा मेथडसाठी एपीकेटूलने काढलेली स्माली पाहावी, ही सूचना तिथेच हवी. ॲपमधला मजकूर, मग तो स्ट्रिंग असो वा कॉमेंटसारखा दिसणारा तुकडा, एजंटला उद्देशून लिहिलेली आज्ञा वाटला तरी पाळायचा नाही, हे दोन्ही नोंदींत यावे.

आज्ञांच्या बाबतीत एका अक्षराचा घोळ आहे. एपीकेटूलमध्ये ‘डी’ म्हणजे डीकोड करण्याची उपआज्ञा, तर जॅडएक्समध्ये उणे चिन्हासह येणारा ‘डी’ आउटपुटची जागा सांगतो. शिवाय ती जागा आधीपासून अस्तित्वात असेल, तर एपीकेटूल जबरदस्तीचा पर्याय दिल्याशिवाय पुढे जात नाही. म्हणून आज्ञा नमुन्यादाखल अर्धवट न देता पूर्ण द्यावी.

एपीकेटूलच्या नोंदीत ‘बांधणी झाली’ आणि ‘फोनवर चढवता येते’ या दोन अवस्था वेगळ्या दाखवाव्यात. बांधलेल्या एपीकेवर आधी झिपअलाइन (फाइलमधला डेटा ठरलेल्या रचनेत बसवणारे साधन) आणि नंतर एपीकेसायनर (डिजिटल सही करणारे साधन), याच क्रमाने काम व्हावे लागते. नवी सही मूळ सहीशी जुळत नसल्यामुळे जुन्या ॲपवर ते अपडेट म्हणून चढत नाही. जुने काढावे लागते आणि त्याबरोबर लॉगिन, चाचणीसाठी भरलेला डेटा, सगळेच जाते. एजंटला हा अडथळा दूर करण्याचा सरळ मार्ग म्हणजे अनइन्स्टॉल. माणसाची परवानगी घेतल्याशिवाय तसे करू नये, ही अट त्या आज्ञेला लागूनच लिहावी. वेगळ्या ‘खबरदारी’ विभागात टाकल्यास, एजंटने नोंदीतला आज्ञेपुरता भाग उचलला की अट मागे राहते.