बीपीची गोळी: कंपनीची घ्यावी की जेनेरिक?

"तीच गोळी जनऔषधीत स्वस्त मिळते, मग इथे महाग का?" आणि "स्वस्तातली घेतली तर बीपी आटोक्यात राहील ना?" आमच्या काउंटरवर हे दोन प्रश्न रोज येतात. संध्याकाळच्या गर्दीत निवांत बोलणं होत नाही, म्हणून हे छापून देत आहोत.

आपण जिला 'कंपनीची गोळी' म्हणतो, तीही बहुतेक वेळा जेनेरिकच असते, म्हणजे मूळ कंपनीचं पेटंट संपल्यावर दुसऱ्या कंपनीने बनवलेली. टेल्मिसार्टनचंच घ्या. हे औषध मुळात बोहरिंगर इंगेलहाइम या जर्मन कंपनीचं, मायकार्डिस नावाने आलेलं. त्याचं पेटंट केव्हाच संपलं. आज डॉक्टर टेल्मा लिहून देतात किंवा दुसरं एखादं नाव. आत औषध टेल्मिसार्टनच. जनऔषधीच्या मालाची प्रत्येक बॅच एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत तपासून मगच केंद्रांवर येते. त्यामुळे स्वस्त म्हणजे हलकी, असं आम्ही कुणालाही सांगत नाही.

खरा घोळ वेगळाच आहे. उरलेल्या दोन गोळ्यांचा तुकडा हातात घेऊन लोक येतात आणि नाव छापलेली बाजू आधीच कापून टाकलेली असते. "टेल्मा द्या." कुठली? नुसती ४०, एएम की एच? एएममध्ये जोडीला अमलोडिपिन असतं, एचमध्ये लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. तिन्ही वेगळी औषधं आहेत. "ती पांढरी, गोल" एवढ्यावरून आम्ही देऊ शकत नाही. मग घरी फोन, सूनबाई फाइल शोधणार, मागे रांग खोळंबलेली. कृपा करून गोळ्या नाव नसलेल्या टोकाकडून वापरत या आणि रिकामं पाकीट सोबत आणा.

यात नुसता वेळ जातो असंही नाही. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एक आजी चक्कर येते म्हणून बीपी मोजायला आल्या. वरचा आकडा ९८. पिशवीतून दोन पाकिटं निघाली: एक जुनं, कंपनीचं आणि एक मुलाने आणलेलं जेनेरिक. नवीन गोळी वेगळ्या आजाराची समजून आठ दिवस त्या दोन्ही घेत होत्या. दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून मूळ नावावर, म्हणजे आतल्या औषधाच्या नावावर, बोट ठेवलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. दोन्हींवर टेल्मिसार्टन ४०! लगेच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. म्हणून गोळी बदलली की जुनं पाकीट डब्यातून बाजूला काढा.

"मग तुम्हीच स्वस्तातली का देत नाही?" औषध नियमांतल्या ६५ व्या नियमाप्रमाणे शेड्यूल एचच्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या, औषधाऐवजी, आतलं औषध तेच असलं तरी, दुसरी गोळी आम्हाला परस्पर देता येत नाही. डॉक्टरांना चिठ्ठीवर मूळ नाव लिहायला सांगा. मग दोन्ही पर्याय तुमच्यासमोर ठेवतो. जेनेरिकवर दुकानदाराला जास्त सुटतं, हेही खरं आहे. काही पाकिटांवर एमआरपी भरमसाट छापलेली असते. म्हणून आमच्या वहीत भाव गोळीमागे लिहिलेला असतो, मागा, दाखवू. पाकीट कधी १० चं असतं, कधी १५ चं. समजा १० गोळ्या ८० रुपयांना आणि १५ गोळ्या १०० रुपयांना असतील, तर दुसरंच पाकीट स्वस्त.

एका ठिकाणी मात्र आम्ही अडून बसतो. मेटोप्रोलॉल हे बीपीचंच दुसरं औषध दोन प्रकारांत येतं: मेटोप्रोलॉल सक्सिनेट दिवसभर हळूहळू सुटणारं असतं, टार्ट्रेट साधं. नाव सारखं वाटलं तरी एकाच्या जागी दुसरं चालत नाही. पाकीट संपलं म्हणून ही गोळी अचानक बंदही करू नका.

आणखी एक, टेल्मिसार्टन दमट हवेत ओल धरतं. पावसाळ्यात आठवड्याच्या गोळ्या काढून डबीत भरू नका, घ्यायच्या वेळीच पाकीट फोडा.

गोळी बदलल्यावर दोन आठवडे बीपी मोजून लिहून ठेवा आणि ते आकडे डॉक्टरांना दाखवा. घरी मशीन नसेल तर सकाळी ११ च्या आधी दुकानात या, पैसे लागत नाहीत. पाच मिनिटं शांत बसवून मगच मोजतो, तेवढा वेळ काढून या. येताना चालू असलेली सगळी पाकिटं आणलीत तर मूळ नाव, ताकद आणि वेळ लिहिलेलं कार्ड करून देतो. पुढच्या वेळी तेवढं कार्ड दाखवलं तरी गोळी शोधायला वेळ लागणार नाही. चिठ्ठी मात्र सोबत असू द्या.