कमरेतली कृत्रिम चकती : गुंतागुंतीचा इतिहास

यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांत डवरणी-वेचणीनं कंबर धरली की ‘मणक्यात गॅप आला’ म्हणतात. पट्टा, गोळ्या, व्यायाम करूनही दुखणं गेलं नाही, की नागपुरात कधीकधी कृत्रिम चकतीचा पर्याय पुढे येतो : दोन मणक्यांमधली खराब झालेली गादी (डिस्क) काढून तिथं हलणारी चकती बसवायची. तिचे धोके बहुतेक जुनेच आहेत. प्रत्येक नवी रचना आधीच्या रचनेची चूक दुरुस्त करत आली.

स्वीडनच्या उल्फ फर्नस्ट्रॉम यांनी दोन मणक्यांच्या मध्ये पोलादी गोळी बसवली आणि 1966 साली अनुभव प्रसिद्ध केले. सगळा भार एका बिंदूवर आल्यानं गोळ्या हाडात रुतल्या. 1984 मध्ये पूर्व बर्लिनच्या शारिते रुग्णालयात कारिन ब्यूटनर-यान्त्स (1972 च्या ऑलिंपिकमधल्या सुवर्णविजेत्या जिम्नॅस्ट) आणि कुर्ट शेल्नाक यांची चकती आली. तिच्या पहिल्या आवृत्तीच्या, मणक्यांना टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या लहान, म्हणून रुतल्या. दुसरीच्या रुंद केल्या, तर धातू थकून तुटला. 1987 च्या तिसरीत कोबाल्ट-क्रोमच्या रुंद पट्ट्या आणि मध्ये सरकणारा पॉलिथिलीनचा (प्लॅस्टिकचा) गाभा होता. हा गाभा झिजतो. त्याचे कण हाड खातात, क्वचित गाभाच बाहेर सरकतो. फ्रान्समध्ये 1990 च्या सुमारास आलेल्या प्रोडिस्क या चकतीला पकडीसाठी हाडात शिरणारी उभी धार दिली. त्यासाठी मणक्यात खाच पाडावी लागते, आणि लहान मणका उभा चिरण्याची भीती तिथून सुरू झाली.

खरा धोका मात्र वाटेत असतो. चकती पोटातून बसवतात. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये डावी इलियाक शीर (पायाकडून रक्त परत आणणारी मोठी रक्तवाहिनी) बाजूला उचलावी लागते. ती फाटली तर काही मिनिटांत प्रचंड रक्तस्राव होतो. पाचव्याच्या खाली शिरांच्या मधून जाता येतं, पण तिथल्या मज्जातंतूंच्या जाळ्याला इजा झाली तर पुरुषाचं वीर्य मूत्राशयाकडे वळतं. लग्न ठरलेल्या पोराला हे सहीआधीच सांगायला हवं. काही आठवड्यांत शिरा व्रणानं चिकटतात, त्यामुळे पुन्हा त्याच वाटेनं जाणं पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड. रक्तवाहिन्यांचा सर्जन हाताशी नसेल तिथे ही शस्त्रक्रिया करूच नये.

अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेनं) ऑक्टोबर 2004 मध्ये बर्लिनच्या त्या शारिते चकतीला मान्यता दिली. त्यामागची चाचणी 304 रुग्णांची, पाठपुरावा दोन वर्षांचा. झीज दिसायला तेवढा काळ अपुराच. 2007 मध्ये मेडिकेअरनं (तिथल्या सरकारी आरोग्य विम्यानं) साठीपुढच्यांना कमरेच्या चकतीचं संरक्षण नाकारलं.

आपल्याकडे निवड आणखी कडक हवी. पाळी गेलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या बाईत चकती रुतते. डेक्साचा (हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा) टी-स्कोअर −1 च्या खाली असेल तर टाळतात. चंद्रपूर-यवतमाळच्या फ्लोराइडच्या पाण्याच्या पट्ट्यात एक्स-रेवर हाड दाट दिसतं, म्हणून मजबूत समजू नये. ताप असेल, वजन घटत असेल तर आधी मणक्याचा टीबी तपासावा. सिकलसेल असल्यास भूल देणाऱ्याला कळवावं. ऑक्सिजन कमी पडला की त्रास वाढतो. मणक्यांचे मागचे छोटे सांधे झिजले असतील तर चकती बदलूनही दुखणं राहतं.

सुट्टी होताना चकतीचं नाव, माप आणि बॅच लिहिलेलं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्यावं, उभ्यानं काढलेल्या एक्स-रेची सीडीही. पुढचे एक्स-रे सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं. तालुक्यात जुनी फिल्म समोर नसेल, तर चकती दोन मिलिमीटर खाली बसली आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.