साथीच्या रोगांचं संशोधन आणि इंग्रजीबाहेरच्या भाषा: थोडं मागं जाऊन

कोल्हापुरात हल्ली कुणी पीएसएमचा, म्हणजे सामाजिक आरोग्य आणि रोगप्रतिबंध या विषयाचा थिसिस करायला घेतला की पहिलं काम म्हणजे पबमेड ही वैद्यकीय संशोधनाची ऑनलाइन सूची उघडायची, सर्च मारायचा आणि भाषेच्या फिल्टरला इंग्रजीवर टिक करून मोकळं व्हायचं. गाईडही तेच सांगतात. वेळ कमी असतो, जपानी नाहीतर पोर्तुगीज संशोधन पेपर वाचणार कोण, सगळं खरं. पण ही सवय काही पहिल्यापासूनची नाही, आणि तिची किंमत आपल्याच भागातल्या लोकांनी एकदा चांगलीच मोजलीय असं माझं मत आहे.

प्लेगचंच बघा. १८९६ ला मुंबईत सुरू झाला, मग पुणं, मग आपल्याकडं कोल्हापूर संस्थानात. शाहू महाराजांचा काळ. लोकं घरं सोडून रानात, माळावर झोपड्या घालून राहिली, जुन्या घरांत अजून त्या गोष्टी निघतात. प्लेगचा जंतू १८९४ लाच हाँगकाँगमध्ये सापडला होता, येर्सें या शास्त्रज्ञांनी ते फ्रेंचमध्ये लिहिलं आणि जपानच्या कितासातोंचं इंग्रजीत, लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलं. पण रोग एकाकडून दुसऱ्याकडं जातो कसा हे कुणालाच धड माहीत नव्हतं, त्यामुळं भिंती धुवा, कौलं काढा, सामान जाळा, रेल्वेत माणसं तपासा असला सगळा कारभार चाललेला. अशात पाश्चर इन्स्टिट्यूटचा पॉल-लुई सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर मुंबई-कराची फिरत होता. त्यानं १८९८ ला कराचीत एक साधा प्रयोग केला: काचेच्या भांड्यात पिसवा असलेला प्लेगचा उंदीर ठेवला, वर जाळीच्या पिंजऱ्यात धडधाकट उंदीर टांगला, दोघं एकमेकाला शिवणार नाहीत पण पिसू उडी मारून पोचेल एवढ्या अंतरावर, आणि थोड्या दिवसांनी वरचा उंदीरही प्लेगनं मेला. ते छापून आलं पॅरिसच्या नियतकालिकात, फ्रेंचमध्ये. इंग्रज सरकारच्या प्लेग कमिशननं त्याला उडवून लावलं. पुढं १९०४ च्या आसपास मुंबईत लिस्टन नावाच्या डॉक्टरनं परत पिसवांकडं बोट दाखवलं आणि १९०५ पासून परळच्या लॅबमध्ये नीट मोठे प्रयोग झाले, तेव्हा कुठं ते सर्वमान्य झालं.

आता सगळं खापर भाषेवर फोडणं बरोबर नाही. सिमाँचा प्रयोग छोटा होता, दुसऱ्यांना तो लगेच जमला नाही, शिवाय फ्रेंच-इंग्रज कुरघोडी होतीच. तरीपण गंमत बघा, रोग आपल्या लोकांना, प्रयोग कराचीत, पेपर फ्रेंचमध्ये, निर्णय इंग्रजीत आणि ज्यांची कौलं उतरवली त्यांना शेवटपर्यंत कुणी काही सांगितलं नाही.

त्या काळात शास्त्रज्ञाला निदान तीन भाषा वाचता याव्या लागायच्या, जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी. टीबीचा जंतू कॉखनं २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये जाहीर केला तो जर्मनमध्येच. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन शास्त्रज्ञांवर बहिष्कार आला, दुसऱ्यानंतर अमेरिकेचा पैसा आला, आणि जर्मनचं स्थान गेलं ते गेलंच.

त्यात तंबाखूचं प्रकरण अडकलं. तंबाखूचं निपाणी इथून तासाभरावर, त्यामुळं हे आपल्या लोकांना जास्त लागायला पाहिजे. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध म्हटलं की सगळे १९५० चा डॉल आणि हिल यांचा ब्रिटिश पेपर सांगतात, पण जर्मनीत म्युलरनं १९३९ लाच रुग्ण आणि निरोगी माणसं यांची तुलना करून हे दाखवलं होतं, १९४३ ला येना शहरात शायरर आणि श्योनिगर यांनी परत दाखवलं. नाझी राजवटीतलं संशोधन म्हणून त्याकडं कुणी फिरकलं नाही हे समजू शकतो (येनातल्या ज्या संस्थेत ते झालं तिचा इतिहास घाणेरडाच आहे), पण १९४३ च्या पेपरचं अख्खं इंग्रजी भाषांतर यायला २००१ उजाडलं.

कावासाकी आजाराचंही तसंच, लहान मुलांचा ताप. टोकियोच्या डॉक्टरांनी १९६७ ला जपानीत ५० मुलांच्या केसेस लिहिल्या, इंग्रजीत आलं १९७४ ला.

मग कुणाला तरी वाटलं की हे मोजून बघूया. १९९७ ला लॅन्सेटमध्ये एगर आणि सहकाऱ्यांनी जर्मन भाषिक डॉक्टरांच्या ट्रायल, म्हणजे उपचार चालतो का हे बघणाऱ्या चाचण्या तपासल्या, एकाच लेखकाचा एक पेपर जर्मनमधला आणि एक इंग्रजीतला अशा जोड्या लावून. इंग्रजीतल्या ६२ टक्के पेपरमध्ये निकाल ठळक होता, जर्मनमधल्या फक्त ३५ टक्क्यांत. म्हणजे औषध चाललं की पेपर इंग्रजीत, नाही चाललं की घरच्या भाषेत, असा कल दिसला. सगळ्याच विषयांत एवढा फरक पडतो असं नाही, पण फक्त इंग्रजी वाचणाऱ्याला औषध आहे त्यापेक्षा भारी वाटायची भीती राहते. २००४ चा बर्ड फ्लू आठवतोय? चीनमध्ये डुकरांत तो विषाणू सापडल्याचं चिनी जर्नलमध्ये वर्षाच्या सुरुवातीलाच आलेलं, बाहेरच्या जगाचं लक्ष गेलं ऑगस्टमध्ये.

लॅटिन अमेरिकेनं मात्र रडत न बसता १९६७ ला साओ पाउलोत स्वतःची वैद्यकीय लायब्ररी काढली, पुढं स्पॅनिश-पोर्तुगीज पेपरांची सूची केली, मग सायेलोसारखं फुकट वाचायचं व्यासपीठ. आपल्याकडं तसं काही उभं राहिलं नाही, आणि सुरुवात वाईट होती असंही नाही. १८६१ पासून ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठी आणि गुजरातीतून वैद्यकीचे वर्ग होते. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी मराठीत वैद्यकाची पुस्तकं लिहिली. नंतर डॉक्टरकी म्हणजे इंग्रजी हे पक्कं झालं.

तरी मराठी गेली कुठं? ती माहिती गोळा करण्याच्या कामात राहिली, आणि तिथं तिच्याशिवाय पान हलत नाही. २००१ पासून भारतात मृत्यूंचा मोठा अभ्यास झाला, त्यात सर्व्हेवाले घरी जाऊन विचारायचे की माणूस गेला कसा, आधी काय झालं, ताप होता का, आणि घरचे सांगतील ते त्यांच्याच भाषेत लिहून घ्यायचे. मग ती भाषा वाचता येणारे दोन डॉक्टर वेगवेगळे बसून कारण ठरवायचे. त्यातूनच कळलं की २००५ मध्ये देशात साप चावून सुमारे ४६ हजार माणसं गेली, सरकारी दवाखान्यांच्या आकड्यापेक्षा कितीतरी पट जास्त, कारण बरीच माणसं दवाखान्यात पोचलीच नव्हती. पन्हाळा, राधानगरीकडच्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. बंग दांपत्याचे पेपर लॅन्सेटला गेले, १९८९ ला बायकांच्या आजारांवर, १९९९ ला नवजात बाळांच्या घरच्या काळजीवर. पण महाराष्ट्रात किती बालमृत्यू लपवले जातात यावरचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल मराठीत निघाला, आणि सरकारला हलवलं ते त्यानं. इंग्रजी पेपर आमदार वाचतोय होय?

आज आपल्या जिल्ह्यात आशाताई रजिस्टर मराठीत लिहितात. पूर ओसरला की लेप्टो या तापाचा सर्व्हे मराठीत विचारला जातो. संशोधनासाठी रक्त घ्यायचं तर संमतीचा फॉर्म माणसाला कळेल अशा भाषेत लागतो, त्याशिवाय एथिक्स कमिटी सोडत नाही. निष्कर्षाला मात्र असली काही अट नाही, ते इंग्रजीत छापून येतात आणि ज्या गावातून माहिती घेतली तिथल्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातसुद्धा पोचत नाहीत. मराठी जर्नल काढा असं मी म्हणत नाही, ते कोण वाचणार आणि प्रमोशनला त्याचे गुण कोण देणार. पण थिसिस सबमिट करताना दोन पानं मराठीत, त्या पीएचसीला आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला, एवढी अट घालायला खर्च काहीच नाही. आणि पबमेडचा तो फिल्टर काढून बघा एकदा, चौकोनी कंसात इंग्रजी शीर्षक दिसलं की समजायचं मूळ पेपर दुसऱ्या भाषेत आहे. आता मोबाईलवर भाषांतर होतं, वाचण्यापुरतं तरी.